उशाशी बोललेलं

कोल्हापूर
९ जून २०२५

मल्लेशअण्णा,

पत्र हातात पडल्यावर तू आधी पाकीट उलटंपालटं करून कुणी फोडलंय का ते बघशील, हे मला ठाऊक आहे. कुणी फोडलेलं नाही. आमचे अ‍ॅम्ब्युलन्सवाले केरबा गडहिंग्लजच्या बाजूला पेशंट सोडायला येतात तेव्हा पत्र आणतील आणि तुझं उत्तर घेऊन परततील. तू फोन उचलत नाहीस आणि मोबाइलवरचा निरोप वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला.

आपला फिरता वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे.

माझ्याकडे आता जे शिकाऊ डॉक्टर आलेत त्यांना या वर्गाबद्दल सांगते तर ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कोल्हापूर, गडहिंग्लज आणि आजरा इथल्या आयसीयूत शिकणारी पोरं महिन्यातून एकदा एका ठिकाणी जमायची. यजमान डॉक्टर पेशंटच्या खाटेशी उभा राहून आपल्याच आयसीयूत बिघडलेली एक केस सांगायचा आणि मग जेवण व्हायचं. मोठे डॉक्टर स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगायचे, हे या पोरांना खोटं वाटतं. तुझ्याकडे जेवायचा योग आला की आमची कोल्हापूरची मंडळी तांबड्या रश्श्याच्या आठवणीने कष्टी व्हायची आणि मग होळिगेवर, म्हणजे तुमच्या पुरणपोळीवर, तुटून पडायची, हेही मी त्यांना सांगते.

परीक्षा घेणाऱ्या मंडळाने यंदा विचारलंय. तीन केंद्रं मिळून शिकवणार असाल तर तिन्हीकडे आळीपाळीने शिकाऊ डॉक्टर देतो, पण संमती सप्टेंबरअखेर हवी. आजरा तयार आहे, आम्ही तयार आहोत. तू नाही म्हणालास तर सगळंच बारगळेल. तुझ्याकडचे डॉ. कोरी दिवाळीला बेळगावला चाललेत असं ऐकलं. मग रात्रीला तू एकटाच उरतोस. पोरं आली नाहीत तर तुझ्या आयसीयूला कुलूप लागेल, हे मी सांगायला नको.

मी अजून तुझी तंगीच आहे ना?

निशिगंधा

*

गडहिंग्लज
१७ जून २०२५

तंगी,

पाकीट मी उलटंपालटं केलं. डिंक दोनदा लावल्यासारखा वाटला. असो.

धाकटी बहीण म्हणून तुला तंगी म्हणायला लागलो तेव्हा आपण एका ताटात जेवत होतो. आता तू मोठ्या हॉस्पिटलची विभागप्रमुख आहेस आणि मी सहा खाटांचा मालक. त्यामुळे एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला गडहिंग्लजचा अचानक कळवळा का आला, असा प्रश्न पडतो. शिकाऊ डॉक्टर पाठवायचे, ते इथं बसून चांगला पेशंट दिसला की कोल्हापूरला धाडणार. हा धंदा मी पुष्कळ पाहिलाय. कोरी जाणार हे तुला कुणी सांगितलं, तेही कळव. मी ते बाहेर बोललेलो नाही.

मूळ गोष्ट तुला माहीत आहे, पण तू ती ओलांडून पुढे गेलीस, म्हणून पुन्हा लिहितो. तीन वर्षांपूर्वी वर्ग माझ्याकडे होता. जोतीरामच्या धाकट्या भावाची केस मी सांगितली. ट्रॅक्टरखाली सापडलेलं पोरगं, सुधारायला लागलं होतं. कूस बदलताना श्वासाची नळी सरकली आणि ते आमच्या ध्यानात यायला उशीर झाला, पोरगं गेलं. घरच्यांना मी प्रकृती अचानक खालावली एवढंच सांगितलं होतं. वर्गात खरं सांगितलं, कारण वर्गाचा नियमच तो.

काही दिवसांत जोतीराम पन्नास माणसं घेऊन दारात उभा राहिला. नळी कशी सरकली, कूस कुणी बदलली, मी काय म्हणालो, सगळं त्याला पाठ होतं. काचा फुटल्या त्याचं काही नाही. सिस्टर महादेवीच्या कपाळावर दगड लागला, टाके मी घातले. ती अजून केस पुढे ओढून कामाला येते.

त्या खोलीत आपल्याखेरीज बाहेरचं एक माणूस नव्हतं. म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी बोललं. कोण बोललं ते सांग, मी संमती देतो. तुझ्या हाताखालचा तुझा लाडका पृथ्वीराज जोतीरामच्याच गावाकडचा आहे, हे मी विसरलेलो नाही.

केरबांबरोबर काकवीची बाटली देतोय. नागाप्पांनी हंगामात पाठवलेली आहे. मण्यार चावलेले ते, आठवत असतील. दर वर्षी पाठवतात. तेवढा एक माणूस तरी मला धरून आहे.

मल्लेश

*

कोल्हापूर
२८ जून २०२५

अण्णा,

काकवी पोचली. बाटलीचं झाकण घट्ट होतं, केरबांवर संशय घेऊ नकोस.

कोरींची बातमी खुद्द कोरींनीच दिली. बेळगावच्या नोकरीसाठी त्यांना माझं शिफारसपत्र हवं होतं. आणि तुझे पेशंट पळवायचे असते तर मी हातावर हात ठेवून दिवाळीची वाट बघितली असती. तुझं आयसीयू बंद पडलं की सगळे आपोआप इकडेच येणार. कोल्हापुरात खाट मिळेपर्यंत त्यांतले किती टिकतील, एवढाच प्रश्न आहे. आठवड्यातून एकतरी असा येतो की ज्याला तासभर आधी कुणी हात लावला असता तर तो वाचला असता. मला हे बघवत नाही, म्हणून मी तुझ्या मागे लागले आहे. यात माझा स्वार्थ असलाच तर एवढाच.

त्या दिवशी वर्गात असलेल्या प्रत्येकाला मी विचारलं. काही पुण्याला गेलेत, एकजण परदेशात आहे. कुणीच कबूल होत नाही. कुणी खोटं बोलतोय का, मला सांगता येणार नाही. पृथ्वीराजलाही विचारलं. तो नाही म्हणाला. त्याच्यावर माझा विश्वास आहे, एवढं लिहून तो विषय संपवते.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोलले नव्हते. जोतीरामला ते कुणाकडून कळलं हे तू तीन वर्षं शोधतोयस. ते त्याला तुझ्याकडून कळायला हवं होतं, हे तुझ्या मनात कधी आलं का?

रागावशील, रागाव. पण एक कर. वर्गाची सुरुवात म्हणून प्रत्येक केंद्राने एक शिकण्याजोगी केस द्यायची आहे. बिघडलेलीच असायला हवी असं नाही. तू नागाप्पांची दे ना.

निशिगंधा

*

गडहिंग्लज
१४ जुलै २०२५

प्रिय तंगी,

तुझं शेवटचं वाक्य आवडलं, जोतीरामला ते माझ्याकडून कळायला हवं होतं हे वाक्य आवडलं नाही. तरी विचार केला. माणसाने किती दिवस कुढत बसायचं? केस देतो.

नागाप्पा जमिनीवर झोपले होते. चावल्याचं कळलंसुद्धा नाही, मण्यारीचं तसंच असतं. सकाळी पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या. माझ्याकडे आले तेव्हा बोलणं बंद होतं आणि थोड्या वेळात श्वासही थांबला. व्हेंटिलेटरवर घेतलं, सापाचं इंजेक्शन दिलं. हात उचलून सोडला की धप्प पडायचा. डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारली तरी हालचाल नाही. तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलंच होतं, मुडद्यासारखे पडलेले. घरचे न्यायला निघाले होते. मी थांबवून धरलं. चौथ्या दिवशी त्यांनी पायाचं बोट हलवलं. पोरांना एवढंच शिकव, की मण्यारीचा पेशंट मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला नसतो.

ही केस वर्ग सुरू होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. तुझ्याजवळच ठेव.

बेंदराच्या सणाला सुष्मिता येऊन गेली. माझ्या भावाची ही पोर तुझ्या हाताखाली शिकते आणि सध्या तू तिला आजऱ्याला नेमलंस, हे मला तिच्याकडूनच कळलं. होळिगे खाता खाता, काका, ही केस मला सांगा म्हणाली. सांगितली. गुणी आहे. कॉलेजात होती तेव्हा त्या दिवशीच्या वर्गाला तीही आली होती. तुझं नाव घेताना जरा जपून बोलते, ते मी टिपून ठेवलंय.

तुझा अण्णा

*

कोल्हापूर
२४ जुलै २०२५

अण्णा,

तू शिव्या घातल्यास तर मला बरं वाटतं. तू गोड लिहिलंस की धडकी भरते. "प्रिय" म्हणे.

केस सुंदर आहे. पण काही गोष्टी जुळत नाहीत. तू पृथ्वीराजला आपण होऊन फोन केलास, तीन वर्षांनी. काय बोललास ते तो सांगत नाही. "सरांनी कुणाला सांगू नको म्हटलंय," एवढंच म्हणतो आणि खूश दिसतो, कारण त्याला वाटतं तू त्याला माफ केलंस. सुष्मितालाही तू कुणाला सांगू नको म्हणून बजावलंस. मलाही तेच. एकाच गोष्टीसाठी तिघांच्या कानाला वेगवेगळं लागणारा माणूस काहीतरी शिजवत असतो. आपण एकत्र शिकत असताना तू मेसमधला दूधचोर असाच पकडला होतास, आठवतं? दूध येण्याच्या तिघांना तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या होत्यास आणि चोर कुठल्या वेळेला येतो ते बघत बसला होतास.

माझा संशय खोटा ठरो. संमतीचा कागद सोबत आहे. सही कर आणि केरबांकडे दे. रिकाम्या हाताने परत यायचं नाही, असं मी त्यांना सांगितलंय. ते बिचारे तुझ्या ओसरीवर मुक्काम ठोकतील.

निशिगंधा

*

गडहिंग्लज
४ ऑगस्ट २०२५

निशिगंधा,

केरबांना चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवतो आहे. त्यांचा दोष नाही.

सिस्टर महादेवीची बहीण जोतीरामच्या गावात दिली आहे. ती परवा इथं आली होती. बोलता बोलता म्हणाली, कोल्हापूरचा एक डॉक्टर गाडी घेऊन जोतीरामच्या दारात आला होता, मे महिन्यात. नाव तिने बरोबर सांगितलं. पृथ्वीराज.

आता मला सांग, ज्याने काही सांगितलेलंच नाही त्याचं जोतीरामच्या दारात काय काम? आणि तुझ्या हाताखालचा माणूस तिथं गेला हे तुला ठाऊक नव्हतं? तुझं जूनमधलं पत्र काढून पुन्हा वाचलं. "त्याच्यावर माझा विश्वास आहे, एवढं लिहून तो विषय संपवते." ज्या माणसाला काही लपवायचं नसतं तो विषय असा घाईने संपवत नाही.

तू बरोबर ओळखलंस, मी सापळा लावला होता. आता त्याची गरज उरली नाही. चोर सापळ्याबाहेरच सापडला.

वर्ग तुझ्यापाशी ठेव. मी एकटा जमेल तेवढं करीन, जमलं नाही की कुलूप लावीन.

मल्लेश

*

कोल्हापूर
२१ ऑगस्ट २०२५

डॉ. मल्लेश पट्टणशेट्टी यांस,

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मी आजऱ्यात होते. का होते, ते आपल्याला समजायलाच हवं.

आजऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये सम्राट नावाचा काजूच्या कारखान्यात काम करणारा तरुण दाखल झाला. जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली. व्हेंटिलेटरवर घेतला. तिथले मोठे डॉक्टर कोर्टात साक्षीला गेले होते, आयसीयू आपल्या पुतणीच्या हाती होतं. तिने सगळं नीट केलं. पण तिसरा दिवस उलटला तरी सम्राट हलेना, बाहुल्या हलेनात. तिने मनाशी हिशेब केला, की काकांचे नागाप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जागे झाले, हा तिसऱ्या दिवशीही नाही, म्हणजे याच्या मेंदूला आधीच इजा झाली असणार. तिने त्याच्या खाटेशी उभं राहून त्याच्या आईला सांगितलं, की आता आशा नाही. घरच्यांनी त्याला घरी न्यायचं ठरवलं. नळी काढायची तेवढी बाकी होती.

तो वाचला तो बयाबाईंमुळे, म्हणजे त्याच्या आईमुळे. "त्येचा मामा आल्याबिगर हलवायचं न्हाय," असं म्हणून ती खाटेचा दांडा धरून बसली. मामाची एसटी बंद पडली होती. तेवढ्या वेळात सुष्मिताने मला कळवायला फोन केला. मी म्हटलं, चौथा दिवस तरी होऊ दे, नागाप्पा चौथ्या दिवशी जागे झाले होते. ती म्हणाली, नाही मॅडम, दुसऱ्या, मला काकांनी स्वतः सांगितलंय. मी फोन कानाशी धरूनच पृथ्वीराजला विचारलं. तो शेजारीच होता. त्याला आपण तिसऱ्या सकाळी असं सांगितलं होतं.

मी तशीच गाडी काढली. नळी काढू दिली नाही. सम्राटने सहाव्या दिवशी पापणी हलवली.

तिघांना तीन दिवस सांगितलेत, म्हणजे गोष्ट ज्या आकड्यासकट बाहेर फुटेल त्यावरून चोर ओळखायचा, असंच ना? आकड्याने काय बिघडतंय, असं आपल्याला वाटलं असेल. आपण ज्या पोरीला होळिगे वाढता वाढता खोटं सांगितलं, ती आपल्या शब्दावर एका माणसाचा श्वास बंद करायला निघाली होती. तिला चोर समजलात, तीही आपल्याच घरातली. माझा आपल्यावर इतका राग कधीच नव्हता.

मी लपवलेलं आता लिहिते. पृथ्वीराज जोतीरामकडे गेला होता हे मला जूनमध्येच माहीत होतं. कुणी सांगितलं ते जोतीरामलाच विचारून यावं, म्हणजे सरांच्या मनातलं जाईल, म्हणून तो गेला होता. जोतीरामने त्याला दारातूनच परत लावलं. आपण यावर विश्वास ठेवला नसता म्हणून मी लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरता विश्वास बसला नव्हता. आपला संशय मलाही लागला होता.

आणखी एक. सम्राटची नळी निघाल्यावर त्याने सगळ्यात आधी सुष्मिताला बोलावलं. "डाक्टरीणबाई, तुमी माज्या आईला काय सांगितलासा त्ये मी आयकत हुतो," म्हणाला. त्याला सगळं ऐकू येत होतं. पोरीने दोन दिवस अन्न घेतलेलं नाही.

डॉ. निशिगंधा चौगुले

*

गडहिंग्लज
८ सप्टेंबर २०२५

तंगी,

पत्र सकाळी वाचलं आणि दिवसभर एकाही पेशंटकडे मान वर करून बघितलं नाही. सिस्टर महादेवीने विचारलं, सर, बरं वाटत नाही का. मी हो म्हटलं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला चोर पकडायचा होता आणि मी केसमध्ये हात घातला. ज्या वर्गात फक्त खरं बोलायचं असा नियम मीच मोठ्या तोंडाने घालून दिला होता, त्याच वर्गासाठी मी खोटी केस दिली. सुष्मिताला फोन केला, तिने उचलला नाही. बरोबर केलं तिने.

पण तुझ्या पत्रातला शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. त्याला सगळं ऐकू येत होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात आहे, मी पोरांना शिकवलंसुद्धा आहे. आणि मग आठवलं. त्या दिवशी वर्ग भरला होता तेव्हा आपण कुणाच्या खाटेशी उभे होतो? मी हात कशावर टेकवला होता? नागाप्पांच्या उशाशी, तंगी. बाहेरचं एक माणूस नव्हतं असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो, आणि आपल्या मधोमध एक जिता माणूस आडवा पडला होता.

परवा त्यांच्याकडे गेलो. मागच्या वेळी गेलो होतो तो वास्तुशांतीला. म्हातारा गोठ्यात होता. मला बघून हात धुऊन आला, घोंगडं अंथरलं. मी आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण थेटच विचारलं. ते जराही दचकले नाहीत.

"मला वाटलं तुमाला ठावं हाय," म्हणाले. "मी तितंच तर हुतो की. डोळं उघडत न्हवतं, कान काय बंद न्हवतं."

घरी गेल्यावर भेटायला जोतीराम आला होता. गावातलाच, भावकीसारखा. त्याला त्यांनी ऐकलेलं सांगितलं. त्यांच्या मते ते माझं कौतुक होतं. एवढा मोठा डॉक्टर दहा पोरांपुढं चूक माझी म्हणाला, असं त्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, अहो, मग ते दगड घेऊन आले त्याचं काय? तेव्हा म्हातारा खाली बघायला लागला.

"सांगताना तुमी रडलासा, त्ये बी सांगितलं मी जोतीरामाला. पर त्यो निम्म्यातच उठून गेला. फुडचं कुणी आयकलंच न्हाय."

मी रडलो होतो, हे मला आठवत नाही. तुला आठवतं का?

दर वर्षी काकवी कशाला पाठवता, विचारलं. म्हणाले, दगडफेक झाली त्याला मी कारण झालो, म्हणून पाठवतो. मी ती चवीने खाल्ली आणि तुम्हा सगळ्यांवर संशय घेत बसलो.

पृथ्वीराजला पत्र लिहिलंय, सोबत आहे. तू वाचू नकोस, त्याच्या हातात दे. सिस्टर महादेवीलाही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आता पेशंटसमोर बोलताना जपायला पाहिजे. तेवढंच. जोतीरामकडे अजून गेलेलो नाही. जाणार आहे. तुझं ते न आवडलेलं वाक्य खरं होतं, हे त्याच्या दारात उभं राहून म्हणायचं आहे आणि त्याला माझे पाय अजून तयार होत नाहीत.

संमतीच्या कागदावर सही केली आहे. आता तुम्हालाच मी नको असेन तर फाडून टाक. पहिला वर्ग माझ्याकडे ठेवलात तर नागाप्पांची केस मी पुन्हा सांगेन. तिघांना कुठले तीन दिवस सांगितले आणि का सांगितले, तेही सांगेन. नागाप्पा खरे आठव्या दिवशी जागे झाले होते.

मल्लेश

*

कोल्हापूर
१९ सप्टेंबर २०२५

अण्णा,

कागद मंडळाकडे गेला. फाडायचा विचार एकदा मनात आला होता, खोटं कशाला बोलू.

तू रडला होतास. मला चांगलं आठवतं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो, कारण तुझ्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती. नागाप्पांकडे तर कुणीच बघत नव्हतं. एवढे आयसीयूचे डॉक्टर एका माणसाभोवती उभे होते आणि एकालाही वाटलं नाही, की हा ऐकत असेल. पृथ्वीराजवर मीही मनातून संशय घेतला. त्याला तुझं पत्र दिलं. तो ते घेऊन गच्चीवर गेला आणि बऱ्याच वेळाने खाली आला. म्हणाला, पहिल्या वर्गाला मी गाडी चालवतो.

तू आठवा दिवस लिहिलास. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. राग मानू नकोस, पण नागाप्पांच्या घरी फोन करून विचारून घेतलं. आठवाच होता. यापुढे वर्गात येणारी प्रत्येक केस दुसऱ्या केंद्राचा डॉक्टर मूळ कागद बघून तपासेल, माझीसुद्धा. आणि दुसरं, वर्ग खाटेशीच भरेल, पण बोलायला सुरुवात करण्याआधी यजमानाने खाटेवरच्या माणसाला आपलं नाव सांगायचं, आपण कोण जमलोय आणि कशासाठी ते सांगायचं. दुसऱ्या कुणाची गोष्ट त्याच्या उशाशी काढायची नाही. ही सूचना सम्राटची आहे. तो आता कारखान्यात परत गेलाय. पडून असताना त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, असं मी विचारलं होतं. म्हणाला, कोण बोलतंय त्ये कळत न्हवतं.

जोतीरामकडे जाशील तेव्हा कळव. मी बरोबर येते. बाहेर गाडीत थांबीन.

आता सुष्मिता. आशा नाही असं आईला सांगून झाल्यावर ती सम्राटच्या खाटेशी परत गेली होती आणि माफ करा दादा म्हणाली होती, कुणी ऐकत नाही असं समजून. सम्राटने तिला तेही सांगितलं. त्यानंतर ती जेवली. तुझ्याशी मात्र अजून बोलायला तयार नाही. तुझं नाव निघालं की उठून जाते.

काल शिकाऊ डॉक्टरांना विचारलं, दिवाळीनंतर कुणाला कुठल्या केंद्रावर जायचंय. गडहिंग्लज म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले, तुझ्या सापळ्याची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली आहे. पहिला हात सुष्मिताने वर केला. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला नक्की तिथंच जायचंय?

म्हणाली, "मॅडम, काका आता खोटं सांगायचे न्हाईत. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

तिची खोली तयार ठेव. आणि होळिगे तिने मागितल्याशिवाय वाढू नकोस.

तुझी तंगी
निशिगंधा